माय हुत्साच्या पाण्यातला खटला

देबेसायच्या आईला विचारलं की ती सांगायची, हे पोर रांगायच्या आधी वाद घालायला शिकलं. सगळी भावंडं एका ताटात जेवत, आणि थोरला स्वतःची बाजू सोडून याच्या बाजूची भाकरी ओढतो, अशी पहिली तक्रार त्याने दुधाचे दात पडायच्या आत केली. तीही आईकडे नाही. थेट गावच्या उंबराखाली, न्याय चालू असताना, चार म्हाताऱ्यांच्या मध्ये उभं राहून. म्हातारे हसले, पण निकाल त्याच्या बाजूने दिला. तिथून त्याला जी चटक लागली ती लागलीच.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं कुठेकुठे म्हणतात म्हणे. आमच्या अद्दी झबानमध्ये असं कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याच्या तोंडावर मिकाएलच्या देवळातलं तीर्थ मारलं असतं. आम्ही डोंगरातली माणसं. मीठ बाहेरून येतं, कापूस बाहेरून येतो. घरचं म्हणावं असं जव, मध आणि खटले एवढंच. लग्नाला जायचा लोक कंटाळा करतील, पण शेजारगावात बांधाचा खटला उभा राहिला की शिदोरी बांधून निघतील. आणि अशा गावातसुद्धा लोक देबेसायला म्हणत, "बाबा रे, जरा दमानं घे."

दिसायला ताडमाड, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, आणि पाय बगळ्याचे. बोलायला उभा राहिला की आधी अंगावरची जाड सुती गाबी खांद्यावरून उतरवून कमरेशी घ्यायची, मग काठी जमिनीवर आपटायची, मग आभाळाकडे बघून एक मोठा सुस्कारा टाकायचा. तोवर समोरच्याला घाम फुटलेला असे. "मी खोटा ठरलो तर एक घागर मध!" अशी पैज लावून सुरुवात. आमच्याकडे पैजेशिवाय युक्तिवाद म्हणजे तिखटाशिवाय कालवण. घागरभर मध त्याच्या घरात जन्मात कधी नव्हता, पण ते कुणी बघायला जात नसे.

ही हकिगत त्याच्या सगळ्यात मोठ्या खटल्याची. त्या खटल्याच्या मधोमध, नदी ओलांडायच्या माय हुत्साच्या उतारावर एक लढाई झाली, पण ती फार छोटी होती.

त्याचा शेजारी इम्बाये. बुटका, रुंद, आणि बोलण्यात महाकंजूष. दिवसाला चार शब्द खर्च झाले तर पाचवा उद्यावर टाकील असा. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि दोघांकडे एकेकच बैल. सहा वर्षांपूर्वी गुरांची साथ आली होती, तिने गावंच्या गावं ओस पाडली. ज्याच्या दावणीला एक तरी जनावर उरलं तो नशीबवान. देबेसायचा तांबडा उरला, इम्बायेचा काळा उरला. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून दोघांनी सावड केली. दोन बैल एका जुवाखाली. आज याचं शेत, उद्या त्याचं. मुक्कामाला दोन्ही बैल इम्बायेच्या कुंपणात. कुंपणाच्या तोंडाला काटेरी फांद्यांचा झापा होता. अंधार पडायच्या आत तो ओढून घट्ट लावायचा, एवढंच काय ते काम.

पेरणीला पंधरा दिवस उरले असताना तो झापा उघडा राहिला. तरस आत शिरलं आणि त्याने तांबड्याला फाडलं. काळा जीव घेऊन पळाला, तो सकाळी देवळामागे थरथरत उभा सापडला.

"झापा तू लावला नाहीस," देबेसाय म्हणाला.

"लावला," इम्बाये म्हणाला.

"मग तरस काय उडत आलं?"

इम्बायेचे त्या दिवसाचे शब्द संपले असावेत. देबेसायने तिथल्या तिथे काठी आपटली. माझा बैल तुझ्या कुंपणात मेला, म्हणून तुझा बैल माझा!

आता आतली गोष्ट. इम्बायेने झापा लावल्यावर, दिवस मावळायच्या सुमाराला, देबेसाय हळूच त्या कुंपणात गेला होता. तांबडा दिवसभर नांगराला जुंपलेला होता, त्याला चाटायला मिठाचा खडा द्यायचा होता. मीठ महाग; बायकोने, हिरितीने, बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून लपूनछपून. बैलाने त्याचा तळहात चाटला, त्याने बैलाचं कपाळ खाजवलं, आणि तो घरी आला. येताना झापा पुन्हा ओढला होता का? त्याने खूप आठवून बघितलं. बैलाची खरखरीत जीभ आठवे, झापा काही आठवेना. आणि आपल्याला जे आठवत नाही ते घडलंच नाही, असं धरून चालायला देबेसायसारख्याला कितीसा वेळ लागतो?

शिवाय हरणं परवडणारं नव्हतं. जिंकला तर काळा त्याचा, आणि एक बैल हाताशी असला की दुसऱ्या बैलाचा सावडकरी कुठेही मिळतो. हरला तर शेत दुसऱ्याला वाट्याने द्यायचं, नाहीतर डोक्यावर लाल टोपी चढवून तल्यानांच्या फौजेत नाव घालायचं. तल्यान म्हणजे समुद्रापलीकडून आलेले इटालियन लोक. ते आमच्या डोंगरात येऊन बसले त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती.

गावचा चिका, म्हणजे मुखिया, किदाने. तो दोघांचाही मामेभाऊ लागायचा, त्याने हात वर केले. "मी निकाल दिला तर जिंकणारा म्हणेल भावानं न्याय केला, आणि हरणारा म्हणेल भावानं गळा कापला. मला नाही मरायचं. नदीपलीकडे अबोय तेवोल्देंकडे जा."

अबोय तेवोल्दे ऐंशीच्या घरातले. त्यांनी भल्याभल्यांची भांडणं तोडली होती. फक्त ते राहायचे मारेब नदीच्या पलीकडे, आणि तल्यानांनी नकाशावर त्या नदीची सरहद्द करून टाकली होती. अलीकडचं त्यांचं, पलीकडचं तिकडच्या सरदाराचं. ही बातमी आम्हाला पोचली होती, नदीला पोचली नव्हती. तिचं पाणी उन्हाळ्यात घोट्याएवढंच असायचं आणि कुणालाही ओलांडू द्यायचं. तल्यानांचा साहेबही न्याय देतो, असं ऐकत होतो. पण त्याचा निकाल एक विडी ओढून होईपर्यंत लागतो म्हणे. असला न्याय घेऊन माणसाने करायचं काय?

तर चिका किदानेने रिवाजाप्रमाणे दोघांना शेजारी उभं केलं आणि दोघांच्या गाब्यांची टोकं एकमेकांना गाठ मारून बांधली. वादी आणि प्रतिवादी असे बांधलेलेच न्यायाकडे चालत जातात. गाठ सोडायची ती न्याय देणाऱ्याने. वाटेत जो सोडेल किंवा तोडेल, तो हरला.

हिरितीने भाजलेल्या जवाची एक पुरचुंडी आणून नवऱ्याच्या हातात दिली.

"एकच?" देबेसाय म्हणाला.

"दोघांचं एकातच बांधलंय, लेत्तेच्या बापा. निदान तेवढं तरी न भांडता खा. आणि इम्बाये दादा, हा फार बोलायला लागला की गाठीला हिसका द्या."

इम्बायेने मान डोलावली. सबंध वाटेत त्याने तो हिसका सतरा वेळा दिला.

बगळ्याच्या पायाचा माणूस आणि उखळासारखा माणूस एका गाठीत चालतात तेव्हा काय होतं ते बघायला डोंगरउतारावर गुराखी थांबत होते. एकाला घाई, दुसऱ्याला धाप. एकाला आडोशाला जायचं झालं की दुसऱ्याने तोंड फिरवून उभं राहायचं. आणि त्यात देबेसाय येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होता. आमच्याकडे वाटसरूला 'देवाच्या कायद्याची आण' घातली की त्याला थांबावंच लागतं. तुमचं ऐकून मत दिल्याशिवाय त्याची सुटका नसते. मिठाच्या गाढवांचा तांडा घेऊन चाललेल्या एका व्यापाऱ्याने देबेसायचं सगळं ऐकून घेतलं आणि काळा बैल त्याला देऊन टाकला. एका जोगी अब्बांनी दोघांना चाळीस दिवस उपास सांगितला. पाण्याची घागर पाठीला बांधून चढण चढणाऱ्या बाईने मात्र खाली बसायलाही नकार दिला.

"जेवलं कोण?" तिने विचारलं.

"तरस," देबेसाय म्हणाला.

"मग बांधायचं त्याला सोडून तुम्ही एकमेकांना काय बांधून घेतलंत?" असं म्हणून ती निघूनही गेली. देबेसायला हे मत फारसं पटलं नाही.

दुपारी ते माय हुत्साच्या उतारावर पोचले. तिथे नदी रुंद होऊन वाळूवर पसरते. अलीकडच्या काठावर तल्यानांची दगडी चौकी, तिथे एक तरणा गोरा साहेब आणि लाल टोपीची चाळीस माणसं. पलीकडच्या काठावर सरदाराची चाळीसेक माणसं, ढाली, भाले आणि जुन्या बंदुका घेऊन. अलीकडच्या गावांनी धान्याची खंडणी कुणाला द्यायची, यावरून हे तीन दिवस समोरासमोर बसून होते. गावांना कुणी विचारलं नव्हतं. लाल टोपीवालेही आमच्याच डोंगरातले आणि ढालवालेही. कुणाचा मेव्हणा तिकडे, कुणाचा साडू इकडे. त्यामुळे तीन दिवस पाण्यावरून फक्त शिव्या जात-येत होत्या.

"अरे ए लाल टोपडं! आईनं विचारलंय, बाळंतपण झालं का?"

"तिला सांग, जुळं झालंय, आणि एक तुझ्यासारखं दिसतंय!"

अशा रणभूमीवर देबेसाय आणि इम्बाये गाठीसकट उतरले. लाल टोपीवाल्यांचा हवालदार इयोब आडवा आला. जाडजूड, मिशीवाला, आवाजात जरब.

"मागे फिरा. लढाई आहे."

"कधी?" देबेसायने विचारलं.

"कधी म्हणजे? केव्हाही होईल."

"मग तोवर आमचं ऐक. देवाच्या कायद्याची आण!"

इयोबने एकदा चौकीकडे बघितलं. साहेब दुपारचा तंबूत झोपला होता. फौजेत शिरून इयोबला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत कुणी त्याला हुकूम सोडून दुसरं काही दिलं नव्हतं, आणि न्याय मागायला तर कुणीच आलं नव्हतं. त्याने मिशी सारखी केली. वाळूत एक बरा दगड बघून तो बसला आणि बंदूक मांडीवर आडवी ठेवली. "बोला," तो म्हणाला.

पहिल्यांदा इयोबची चार माणसं जवळ आली. मग दहा. मग पलीकडून हाक आली, "काय चाललंय रे?"

"खटला!"

"कशाचा?"

"बैलाचा!"

तुम्ही आमची माणसं ओळखत असाल तर पुढचं सांगायला नको. पलीकडचे आधी पाण्याच्या कडेला आले. तिथून नीट ऐकू येईना म्हणून पाण्यात आले. मग पाण्यातल्या खडकांवर येऊन बसले. लाल टोपीवाले सरकून त्यांना जागा देत होते. घटकाभरात नदीच्या मधोमध ऐंशी माणसं गोल करून बसली होती, पाय पाण्यात, हत्यारं मांडीवर. पलीकडचा एक पिकल्या दाढीचा म्हातारा शिपाई, गिलाय नावाचा, इयोबच्या शेजारी पंच म्हणून बसवला गेला. दोन्ही काठांचे लोक असताना एकाच काठाचा पंच कसा चालेल? सगळ्यांना ते रास्त वाटलं.

देबेसायने सभोवार बघितलं आणि त्याला भरून आलं. असा श्रोता त्याला जन्मात मिळाला नव्हता. गाठ होती म्हणून गाबी पुरती उतरवता येईना, पण जमेल तेवढी उतरवली. काठी पाण्यात आपटली, पहिली रांग भिजली.

"अलीकडच्या भावांनो आणि पलीकडच्या भावांनो! माझा बैल मेला तेव्हा कुणाच्या कुंपणात होता? माझ्या? नाही! तरसानं माझ्या दारावर थाप मारून विचारलं का, की देबेसाय, जेवू का? नाही! मी खोटा ठरलो तर एक घागर मध!"

"दोन लाव!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"दोन!"

"बोलतोय पण काय!" लाल टोपीवाला एक पोरगेला शिपाई खूश होऊन म्हणाला. "आमच्या साहेबाला बोलवा रे ऐकायला."

तांबड्याचे गुण सांगायलाच देबेसायने चांगला अर्धा तास घेतला. शेवटी इयोबने इम्बायेकडे हात केला. "तुझं म्हणणं?"

"झापा लावला होता," इम्बाये म्हणाला.

"आणि?"

"आणि काय. लावला होता."

यावर मोठी खळबळ उडाली. अर्धे म्हणाले, एवढं कमी बोलणारा खोटं बोलणार नाही. अर्धे म्हणाले, खऱ्याला एवढं कमी बोलून कसं चालेल? आणि गंमत अशी की लाल टोप्याही दोन्हीकडे होत्या आणि ढालीही दोन्हीकडे. तेवढ्यात म्हाताऱ्या गिलायने हात वर केला.

"लेका देबेसाय, मला एवढंच सांग," तो शांतपणे म्हणाला. "त्यानं झापा लावल्यावर त्या कुंपणात आणखी कुणी गेलं होतं का?"

देबेसायचं तोंड उघडंच राहिलं. ऐंशी माणसं त्याच्याकडे बघत होती. तळहातावर ती खरखरीत जीभ फिरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात साहेब झोपेतून उठून तंबूबाहेर आला. त्याने बघितलं, आपली सगळी माणसं आणि शत्रूची सगळी माणसं नदीत एकत्र बसलीत. दुभाष्याला हाका मारल्या, तर दुभाषाही पाण्यातच बसलेला. साहेब बिचारा विशीतला. आपली फौज फितूर झाली, असंच त्याला वाटलं असणार. त्याने पिस्तूल काढून आभाळात बार काढला. पलीकडच्या टेकडीवर सरदाराला वाटलं हल्ला झाला. त्याने नगारा वाजवायला सांगितला. मग काय! ऐंशी माणसं उठली आणि आपापल्या काठाकडे पळाली. वाटेत एकमेकांच्या राहिलेल्या बंदुका एकमेकांना देत पळाली, हे मी ज्यांच्याकडून ऐकलं ते खोटं बोलणारे नव्हते. पण काठावर पोचून मागे वळल्यावर, हातात बंदूक, समोर शत्रू आणि कानाशी नगारा असल्यावर, माणूस दुसरं काय करणार? गोळ्या सुटल्या.

देबेसाय खडकाकडे धावला, इम्बाये जागच्या जागी आडवा झाला, आणि गाठीने दोघांनाही धड काही करू दिलं नाही. देबेसाय उताणा पडला. उठून बघतो तर इम्बायेच्या मांडीतून रक्त वाहत होतं. त्याने त्याला ओढत कसंबसं खडकाआड नेलं. उचलायचा प्रयत्न केला. तीनदा केला. पण बगळ्याने उखळ कसं उचलावं?

"चौकीत मलमपट्टीवाला असेल," देबेसाय धापा टाकत म्हणाला. "मी जाऊन आणतो."

"गाठ," इम्बाये म्हणाला.

भिजलेली गाठ दगडासारखी आवळली होती. देबेसायने कमरेचा सुरा काढला. इम्बायेने त्याचं मनगट धरलं. चेहरा पांढराफटक, पण पकड घट्ट.

"कापू नकोस. हरशील."

देबेसायने शिवी हासडली आणि गाठ कापली. आपली गाबी त्याच्या मांडीला करकचून बांधली, आणि उघड्या अंगाने, दोन्ही हात वर करून, मोकळ्या वाळवंटातून चौकीकडे पळत सुटला. दोन्ही बाजूंनी गोळ्या चालल्या होत्या आणि तो मधून ओरडत होता, "देवाच्या कायद्याची आण! थांबा! वादी आहे मी!" नेम धरणाऱ्यांनी नेम हलवले असतील, किंवा तेवढ्या काटकुळ्या माणसाला गोळी लागणं मुळातच कठीण असेल. तो पोचला. इयोबने त्याला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न केला, "गाठ कुठाय?"

शेळीचं दूध काढून होईल तेवढा वेळ लढाई चालली. साहेबाने वर कळवलं म्हणे, की शत्रूने दोन हेर एकमेकांना बांधून पाठवले होते. बांधून का, ते त्यालाही सांगता आलं नसावं. इम्बाये वाचला. पण दोन माणसं गेली. 'साहेबाला बोलवा रे' म्हणणारा तो पोरगेला शिपाई आणि म्हातारा गिलाय. ऊन कलल्यावर दोन्ही काठांची माणसं हत्यारांशिवाय पाण्यात उतरली, आपापला माणूस उचलला आणि कुणी कुणाशी बोललं नाही. मला त्या दोघांचं फार वाईट वाटतं. तीन दिवस बंदुका भरून बसलेले लोक कधीतरी उडवणारच होते, हे खरं. देबेसायलाही सगळ्यांनी हेच सांगितलं. पुढे तो तीस वर्षं जगला, पोरींची लग्नं केली, अनेकांचे खटले लढवून दिले, सुवा म्हणतात ती जवाची दारू पिऊन उंबराखाली हसला-खिदळला. पण माय हुत्सावरून जाताना मात्र पाण्यात उभा राहून दोन नावं घ्यायचा, मगच पुढचं पाऊल टाकायचा.

इम्बायेला खाटेवर घालून गावात आणलं, त्याला दहा दिवस झाले आणि आभाळ भरून यायला लागलं. खटला तर तोडलाच पाहिजे, आणि इम्बायेला आता नदीपलीकडे नेता येईना, म्हणून चिका किदानेने उंबराखाली सभा बसवली. इम्बायेला खाटेसकट आणून ठेवलं. पाय वाकडाच राहणार, हे तोवर कळून चुकलं होतं. रजा काढून हवालदार इयोबही आला होता, साक्षीला.

"रिवाज असा," किदाने म्हणाला, "की गाठ तोडणारा हरला."

यावर गाव उसळलं. ज्या देबेसायला सगळे 'दमानं घे' म्हणायचे, त्याच्यासाठी आता सगळे उठून उभे राहत होते.

"स्वतःला सोडवायला तोडली का त्यानं? त्याला वाचवायला तोडली!"

"उघड्या अंगानं गोळ्यांतून पळाला तो. मी डोळ्यांनी बघितलंय," इयोब म्हणाला. "माझ्या मते खटला जिवंत आहे."

मग म्हाताऱ्यांनी डोकी एकत्र आणली. बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "गाठीचा दोष माफ. आता बैलाचं. इम्बायेला नांगर धरता येणार नाही. त्याचा जीव देबेसायनं राखलाय. काळा देबेसायला द्यावा आणि त्यानं दरसाल इम्बायेला धान्य घालावं, असं आमच्या मनात आहे. देबेसाय, तुला काही बोलायचंय?"

बोलायचं नव्हतंच काही. बैल हातात आला होता. हिरितीने बायकांच्या घोळक्यातून त्याला डोळ्यांनीच दटावलं, की गप्प बस, आता तरी गप्प बस.

देबेसाय उठला. त्याने गाबी उतरवली नाही. काठी आपटली नाही.

"माय हुत्साला एका म्हाताऱ्यानं मला एक प्रश्न विचारला होता," तो म्हणाला. "उत्तर द्यायचं राहून गेलं. इम्बायेनं झापा लावल्यावर मी आत गेलो होतो. तांबड्याला मीठ द्यायला. झापा मी उघडा टाकला."

लोक पुढचं बोलणं ऐकायला थांबले. पुढचं नव्हतंच. देबेसाय खाली बसला. एवढं छोटं भाषण त्याने जन्मात केलं नव्हतं, त्यामुळे ते संपलंय हे कळायलाच सभेला वेळ लागला.

"माहीत आहे," खाटेवरून इम्बाये म्हणाला.

"काय माहीत आहे?" किदाने त्याच्यावर खेकसला.

"तो आत गेला होता ते. सकाळी शेणात त्याचं पाऊल उठलं होतं. एवढं लांब पाऊल गावात दुसऱ्या कुणाचं आहे?"

"मग आम्हाला दाखवलं का नाहीस? तिथंच निकाल लागला असता!"

"पुसून टाकलं," इम्बाये म्हणाला.

देबेसाय उठून खाटेजवळ आला आणि गुडघ्यांवर बसला. "का रे?" त्याने विचारलं.

इम्बायेने जरा विचार केला. त्या दिवसाचे शब्द त्याने कधीच ओलांडले होते. उद्याचे आणि परवाचेही त्यात गेले असतील.

"तुझा बैल तर गेलाच होता," तो म्हणाला. "निदान खटला तरी तुला राहू दे म्हटलं."